सातच्या आधी

पहिले चार दिवस पेजही ठरली नाही पोटात.
पंचफुला वाटी पुढं धरायची,
माझा हात तिथं पोचेतो
अर्धी पेज सतरंजीवर.
चमचा नको म्हणालो.
चमचा दातांवर वाजायचा, पोरगी ऐकायची.

पाचव्या दिवशी आत काहीतरी पेटलं.
मला वाटलं, तीच.
सातचा सुमार. राईस मिलचा भोंगा होतो,
पट्टा थांबतो, कोंडा खाली बसतो
आणि पाय आपसूक तळ्याच्या पाळीकडं वळतात,
केजारामच्या डबक्यांकडं.
हिनं हातावर मूठभर फुटाणे ठेवले, वर गुळाचा खडा.
फुटाणे ओळखीचे. वीस वर्षांचे.
पण तोंडात दुसरं काही नसताना
कधी चावलेच नव्हते.
आधी वाळूची चव, मग भाजल्याची,
अगदी शेवटी थोडी गोड.
भूक होती ती. नुसती भूक.

मग गूळच. चार दिवसांत अर्धा किलो.
उपकेंद्रातल्या नन्नावरे सिस्टरनं
वजनकाट्यावर उभं केलं :
"दारू सोडली अन् गुळाची भट्टी लावली का बापा?
थोडं खा, पण टायमावर खा.
वरण खा, भाजी खा, पाणी पी.
अन् सातच्या आधी जेव.
रिकामं पोट लबाड बोलते."

तर आता मी साडेसहाला जेवतो.
गुरं गोठ्यात शिरतात तेव्हा माझा हात ताटात.
गल्लीतले म्हणतात, हा कोंबड्यांसंगं जेवते.
जेवतो.
लाखोळीचं वरण, भात, जवसाची चटणी.
मासोळी अजून नाही.
तळणीच्या वासामागून ग्लास चालत येतो.

एका संध्याकाळी मित्रा वही घेऊन बसली.
शाळेतून लिहून आणायला सांगितलं होतं,
घरात कोणाला काय आवडते.
आई : अंबाडीची भाजी.
आजी : कोहळ्याचे बोंडं.
बाबा, आणि दोन टिंबं. पेन थांबलं.
मी पंचफुलाकडं पाहिलं. तिनं तव्याकडं.
अठरा वर्षं तिनं माझं ताट झाकून ठेवलं
आणि सकाळी कुत्र्यापुढं उपडं केलं.
कुत्र्याची आवड सांगता आली असती तिला.

"उद्या सांगतो," म्हणालो.
चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, दोन टिंबांपुढं.

एकतिसाव्या दिवशी केजारामच्या पोरीचं लग्न होतं.
पडलो.
सकाळी घरात कोणी काही बोललं नाही.
वाटीत पेज होती, पहिल्या दिवसासारखी पातळ.
मी म्हणालो, एकतीस दिवस वाया गेले.
"वाया कायचे?
एकतीस दिवसाची भाकर हाये आंगात.
ते काय ओकून टाकली?"
थोडी टाकली होती.
सांगितलं नाही.

चैतात मोह पडू लागला.
पहाटे सासूबाई टोपलंभर वेचून आल्या,
वाळवला, भाजला,
तीळ घालून उखळात कुटला, लाडू वळले.
मी मोह आजवर फक्त डब्यातून ओळखत होतो.
सिस्टरला विचारलं, खाऊ का?
ती थांबली जराशी.
"फूल हाये ते. पण तुया नाकाले विचार आधी."
लाडू नाकाशी नेला. परत ताटलीत ठेवला.
मित्रानं खाल्ला, बोटं चाटली,
मी तिचं तोंड बघत बसलो.

काल निखाऱ्यावर भेदरं भाजले पंचफुलानं.
सालं काळी झाली, फुटली,
तिनं हातानंच कुस्करली,
मीठ, लसूण, हिरवी मिरची.
तांदळाची भाकर.
दुसरी कधी संपली कळलं नाही.
तिसरी मागितली
तेव्हा तिनं पीठ पुन्हा परातीत घेतलं, न बोलता.
डोळ्यांत मिरचीचं पाणी, नाकातही.

मित्रा उठून दप्तर धुंडाळू लागली.
ती वही केव्हाच तपासून झाली होती,
बाईंनी त्या रिकाम्या जागेवर
लाल गोल काढला होता.

"भेदराची चटणी," मी म्हणालो, भरल्या तोंडानं.
तिला नीट ऐकू गेलं नाही.
पुन्हा म्हणालो.
तेवढ्यात मिलचा भोंगा झाला.